नवा कॅमेरा ड्रोन आणि मोजकं बजेट: जोडीला काय घ्यावं, काय टाळावं

प्रश्न असा आहे: पहिलाच कॅमेरा ड्रोन घेतला, खोक्यात एक बॅटरी, रिमोट, केबल आणि पात्यांचा एक जादा संच निघाला. जोडीला घ्यायच्या वस्तूंच्या याद्या पाहिल्या तर सगळं मिळून ड्रोनइतकाच खर्च होतो. पैसे थोडे आहेत. आधी काय घ्यायचं, नंतर काय आणि काय घ्यायचंच नाही?

प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावा. ती नसली तर उड्डाण थांबेल का, किंवा टिपलेलं चित्रण हातचं जाईल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती आधी घ्या. या कसोटीला बॅटरी, मेमरी कार्ड आणि पाती एवढ्या तीनच गोष्टी ठामपणे उतरतात. बाकीच्या सोयीच्या आहेत आणि काही तर चक्क नुकसान करणाऱ्या आहेत. दुसरा नियम त्याला जोडून येतो: पैसे ड्रोनच्या बाहेर राहणाऱ्या वस्तूंवर घाला. ड्रोनच्या अंगावर चढणारी प्रत्येक वस्तू वजन वाढवते, वारा जास्त धरते किंवा एखाद्या सेन्सरसमोर येते.

अजून ड्रोन घेतलाच नसेल तर खरेदीआधी कॉम्बो पॅकची किंमत नीट पाहा. त्यात बहुधा दोन जादा बॅटऱ्या, चार्जिंग हब (अनेक बॅटऱ्या एकत्र बसवायचा चार्जर) आणि बॅग असते. हे सगळं सुटं घेतल्यास जवळजवळ नेहमीच महाग पडतं. ड्रोन आधीच हातात असेल तर पुढचं वाचा.

बॅटरी

खोक्यावर ३० मिनिटं लिहिलेली असतात. तो आकडा वारा नसताना, एकाच वेगाने, बॅटरी पार रिकामी होईपर्यंत उडवून काढलेला असतो. प्रत्यक्षात २० ते २५ टक्के शिल्लक असताना परत फिरायचं असतं, वाऱ्याविरुद्ध येताना खर्च वाढतो, फ्रेम जुळवत घिरट्या घालण्यात वेळ जातो. हातात २० ते २२ मिनिटं उरतात. एका बॅटरीवर शिकणारा माणूस घाईने शिकतो, आणि घाईत चुका होतात. म्हणून पहिली खरेदी एक जादा बॅटरी. जमलं तर दोन, म्हणजे एकूण तीन. तीन बॅटऱ्यांत सलग तासभर उडवता येतं आणि बहुतेक दिवसांचं काम तेवढ्यात संपतं. चौथी घेण्याआधी थांबा, कारण वापराविना पडून राहणारी लिथियम बॅटरीसुद्धा म्हातारी होत जाते.

पैसे वाचवायचे ते इथे मात्र नाही. दुसऱ्या कंपनीची स्वस्त बॅटरी घेऊ नका. ड्रोनच्या बॅटरीत नुसते सेल नसतात. प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजणारं आणि उरलेला चार्ज ड्रोनला कळवणारं सर्किट तिच्यात असतं. त्याचा हिशेब चुकला तर पडद्यावर ३५ टक्के दिसत असतात आणि जोरात वर चढताना व्होल्टेज एकदम खाली बसतो. मग ड्रोन आहे तिथेच उतरू लागतो, खाली पाणी असो की झाड. शिवाय ड्रोनचं आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) नवं झाल्यावर अशी बॅटरी नाकारली जाऊ शकते, आणि खाचेत ती अर्धा मिलिमीटर सैल बसली तरी धोका आहे. अस्सल बॅटरीचासुद्धा खटका ‘टक्’ असा बसल्याची खात्री दर उड्डाणाआधी करा. दोन्ही बाजूंनी दाबून पाहा. अर्धवट बसलेली बॅटरी हवेत निसटून ड्रोन पडल्याच्या घटना घडतात आणि त्याला कुठलाच सेन्सर वाचवू शकत नाही.

काही छोट्या ड्रोनसाठी जास्त क्षमतेची ‘प्लस’ बॅटरी मिळते. उदाहरणार्थ, डीजेआय मिनी ३ ची साधी बॅटरी २४५३ एमएएच (मिलिअँपिअर-तास, क्षमतेचं माप) एवढी आहे आणि प्लस ३८५० एमएएचची. वेळ वाढतो, पण ड्रोनचं वजन २५० ग्रॅमच्या पुढे जातं. अनेक देशांत नोंदणीचे आणि परवानगीचे नियम नेमके याच आकड्यावर बदलतात. तुम्ही हलका ड्रोन त्या सवलतीसाठीच घेतला असेल तर प्लस बॅटरी ती सवलत घालवते.

जुनी बॅटरी स्वस्तात मिळत असेल तर ती ड्रोनमध्ये लावून ॲपमध्ये दोन आकडे पाहा: चार्ज सायकल किती झाली (म्हणजे ती किती वेळा भरली-रिकामी झाली) आणि सेलांच्या व्होल्टेजमध्ये फरक किती आहे. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर सोडून द्या. बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. डोलली तर ती फुगलेली आहे, हात लावू नका.

सांभाळायला पैसे लागत नाहीत, शिस्त लागते. उड्डाणानंतर गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नका, हाताला साधी लागेपर्यंत थांबा. चार्जिंग ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्येच करा. आठवडाभर उडवणार नसाल तर ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरलेली ठेवली तर सेल लवकर थकतात, पूर्ण रिकामी ठेवली तर व्होल्टेज इतका खाली जातो की ती पुन्हा उठतच नाही. मार्करने प्रत्येक बॅटरीवर १, २, ३ असे आकडे टाका आणि पाळीपाळीने वापरा. कुठली थकतेय हे त्यामुळे महिनाभर आधी कळतं.

मेमरी कार्ड

इथे लोक दोन्हीकडून चुकतात: काही जण घरातलं जुनं कार्ड घालतात, काही जण गरज नसलेलं महागडं घेतात.

हिशेब सोपा आहे. ड्रोन ४के चित्रण १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) करत असेल तर ८ ने भागा, कारण ८ बिटांचा एक बाइट: सेकंदाला १२.५ मेगाबाइट. १५० एमबीपीएस असेल तर १८.७५. म्हणजे सलग ३० मेगाबाइटने लिहू शकणारं कार्ड पुरून उरतं. तशी हमी देणारं चिन्ह म्हणजे व्ही३०. यू३ चा अर्थही तोच. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘१७०’ किंवा ‘२००’ हा बहुधा वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नव्हे. त्याकडे पाहू नका. ए१, ए२ ही चिन्हं फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी आहेत, चित्रणाशी त्यांचा संबंध नाही. मागे दोन ओळींत पिना असलेलं यूएचएस-२ कार्ड महाग असतं, आणि ड्रोनचा स्लॉट त्याला साथ देत नसेल तर ते साध्या कार्डाच्याच वेगाने चालतं.

क्षमता किती? १०० एमबीपीएसला मिनिटाला ०.७५ गिगाबाइट, तासाला ४५. एका बॅटरीचं सलग चित्रण १५ ते १७ गिगाबाइटच्या आसपास जातं. ६४ जीबीच्या कार्डात तीन बॅटऱ्यांचं काम मावतं. एक २५६ जीबीचं कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्या. एक बिघडलं किंवा ड्रोनसोबत हरवलं तरी सकाळचं चित्रण खिशात राहतं. घेण्याआधी ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत कमाल क्षमता आणि चाचणी केलेल्या कार्डांची यादी पाहा.

बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. बनावट कार्ड संगणकाला स्वतःची क्षमता १२८ जीबी सांगतं, आत खरी जागा ८ किंवा १६ जीबी असते, आणि ती संपली की पुढची नोंद जुन्यावर लिहिली जाते किंवा हवेत विरते. फायलींची नावं दिसतात पण त्या उघडत नाहीत. नवं कार्ड आलं की ते पूर्ण भरून परत वाचणारी चाचणी चालवा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ हे मोफत प्रोग्राम आहेत. काही तास लागतात, पण परत करण्याच्या मुदतीत सत्य कळतं. त्यानंतर कार्ड ड्रोनमध्येच फॉरमॅट करा.

आणि एक सवय: आधी रेकॉर्डिंग थांबवा, मग ड्रोन बंद करा. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर फाइल शेवटची नोंद न होताच अर्धवट राहते आणि ती उघडत नाही.

पाती

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. खोक्यातल्या जादा संचाखेरीज आणखी दोन पूर्ण संच ठेवा, कारण शिकताना गवताची काडी, फांदीचं टोक, ड्रोन कुशीवर कलंडणं हे होतंच. अस्सल पाती घ्या. कार्बन फायबरची पाती मजबूत म्हणून विकली जातात, पण प्लॅस्टिकचं पातं आदळलं की स्वतः मोडतं आणि मोटर व ती धरणारे ड्रोनचे हात वाचतात. ताठ पातं तो धक्का तसाच मोटरच्या शाफ्टला देतं. कुणाला लागलं तर इजाही जास्त.

शेजारशेजारच्या मोटरी उलट दिशांना फिरतात, तिरक्या समोरासमोरच्या एकाच दिशेने. म्हणून पाती दोन प्रकारची असतात आणि मोटरवर व पात्यावर जुळणारी खूण असते. चुकीचं पातं लावलं तर त्या कोपऱ्यात हवा वरच्या बाजूला ढकलली जाते आणि ड्रोन उठताच पालथा होतो. दाबून फिरवायच्या पात्यांत चूक सहसा होत नाही; स्क्रूच्या पात्यांत मात्र होते. हलक्या ड्रोनमध्ये एका मोटरवर स्क्रूने बसवलेली दोन सुटी पाती असतात. त्यातलं एक खराब झालं तरी त्या मोटरची दोन्ही बदला, नाहीतर वजनाचा तोल बिघडतो. त्या स्क्रूंवर निळसर चिकटपणा असतो, तो कंपनाने स्क्रू सैल होऊ नये म्हणून. जुना स्क्रू पुन्हा लावला तर ती पकड उरत नाही. पात्यांसोबत आलेले नवे स्क्रू वापरा. छोटा स्क्रूड्रायव्हर नेमका त्या मापाचा हवा. ढिला असेल तर स्क्रूचं डोकं घासून गोल होतं आणि मग तो काढणं हे वेगळंच संकट. स्क्रू घट्ट बसल्यावर पातं बोटाने मोकळं हलायला हवं. अडकलं तर जास्त आवळलं आहे.

तपासणी नखाने करा. पात्याच्या पुढच्या कडेवरून नख ओढा. जिथे अडकेल तिथे खाच आहे. डोळ्याला न दिसणारी खाचही कंपन करते आणि चित्रणात जेलीसारखी थरथर दिसते. खूप जण ही थरथर कॅमेऱ्याचा दोष समजतात. आधी पाती बदलून पाहा.

चार्जिंग

नव्या ड्रोनसोबत अनेकदा चार्जर येतच नाही. घरात फोनचा ३० वॅटचा पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगचा) चार्जर असेल तर बहुतेक छोट्या ड्रोनना तो पुरतो, नवा घेऊ नका. जुना ५ किंवा १० वॅटचा चार्जर चालतो पण रात्र खातो. केबलही तितकी वीज वाहणारी हवी. नुसती जाड दिसून भागत नाही.

चार्जिंग हब बहुधा तीन बॅटऱ्या एकदम भरत नाही, एकामागून एक भरतो. त्यामुळे वेळ फारसा वाचत नाही, दर तासाला उठून बॅटरी बदलायचे कष्ट वाचतात. दोन बॅटऱ्या असतील तर हबवाचून चालतं, तीन झाल्या की घ्या.

बाहेर चार्ज करायचं तर वेगळं उपकरण नको, किमान १८ वॅट देणारं पीडी पोर्ट असलेली पॉवर बँक पुरे. हिशेब वॅट-तासांत करा: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास. रूपांतरात काही वाया जाऊन साधारण ६० हाती लागतात. मिनी ३ ची साधी बॅटरी १८ वॅट-तासांची आहे, म्हणजे तीन वेळा भरेल. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची लागते. नगांच्या संख्येचा नियम कंपनीकडे पाहून घ्या. बॅटऱ्यांचे संपर्कबिंदू झाकलेले असावेत. साधी चिकटपट्टी चालते.

आगरोधक पिशवी स्वस्त आहे, घ्या, पण तिच्याकडून चमत्कार नको. ती ज्वाळा काही काळ अडवते, आग विझवत नाही. चार्जिंग कठीण, न पेटणाऱ्या पृष्ठभागावर, जागं असताना करा.

एनडी फिल्टर: घ्यायचे, पण पहिल्या दिवशी नाही

एनडी फिल्टर म्हणजे लेन्ससमोर लावायची करडी काच. तो लावला की चित्रपटासारखं दिसतं, असा समज आहे. फिल्टर एकच काम करतो: प्रकाश कमी करतो, म्हणजे शटर हळू ठेवता येतं. हळू शटरमुळे हलत्या गोष्टी किंचित पुसट होतात आणि हालचाल डोळ्याला सलग वाटते. नेहमीचा नियम असा की शटर फ्रेम रेटच्या दुप्पट: २५ फ्रेमला १/५०, ३० फ्रेमला १/६०.

आता कुठला फिल्टर? लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० असेल तर शटर १/१०० येतं. छोट्या ड्रोनचं छिद्र बहुधा कायम एफ/२.८ असतं, म्हणजे पाच स्टॉप जास्त उघडं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), म्हणून शटर १/३२०० वर जातं. ते १/५० वर आणायला ६४ पट प्रकाश कापावा लागतो: एनडी६४. हलके ढग असतील तर एनडी१६, सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हात एनडी८. तुमचा कॅमेरा एफ/१.७ चा असेल तर प्रत्येक पायरी साधारण एक-दीड स्टॉपने वर सरकते आणि भर उन्हाला एनडी१२८ लागतो. म्हणून आठ फिल्टरांचा संच नको, एफ/२.८ ला ८, १६ आणि ६४ या तिघांत जवळजवळ सगळं बसतं.

फोटोंना फिल्टर नकोच, तिथे जलद शटर फायद्याचं. उंचावरून स्थिर देखावा घेताना फरक दिसतच नाही, कारण लांबची गोष्ट फ्रेममध्ये सरकतच नाही. जमिनीलगत, झाडांजवळून, रस्त्याच्या कडेने उडताना दिसतो. नवशिक्याने पहिले काही आठवडे तसं उडवूच नये. म्हणूनच ही खरेदी थांबू शकते.

घ्याल तेव्हा नेमक्या तुमच्या मॉडेलचे घ्या. गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या सांध्यांच्या यंत्रणेच्या) मोटरी इतक्या नाजूक असतात की ग्रॅमभर जादा वजनही तोल बिघडवतं आणि ॲपवर गिंबलवर ताण असल्याची सूचना येते. फिल्टर ड्रोन बंद असताना लावा, गिंबल बोटांत हलकेच धरून. स्वस्त संचांत दोन दोष सापडतात: रंगाची छटा येते, आणि लिहिलेल्या अंकापेक्षा काच कमी-जास्त गडद असते. पांढऱ्या कागदाचा फिल्टरसह आणि फिल्टरविना, व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर बांधून, फोटो घ्या; जांभळी किंवा हिरवी झाक लगेच दिसते.

पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवून जुळवायचा फिल्टर) सोडा. तो जमिनीवरच फिरवून ठेवावा लागतो, आणि हवेत ड्रोन वळला की कोन बदलून परिणाम जातो. रुंद आकाशात एक गडद पट्टाही उमटतो.

लँडिंग पॅड, बॅग, सफाई

उतरताना पात्यांच्या हवेने धूळ आणि बारीक खडी उडते. ती गिंबलच्या सांध्यात आणि मोटरीत जाते. मोटरीत चुंबक आहेत, मातीतले लोहकण त्यांना चिकटून बसतात. त्यामुळे पॅड हवाच, पण विकतचा हवाच असं नाही. गाडीतली जड रबरी चटई उत्तम काम करते. विकतचा घेतलात तर छोट्या ड्रोनला ५० सेंटिमीटरचा पुरे आणि त्याच्या खुंट्या दर वेळी ठोका. न ठोकलेला हलका पॅड हवेने उचलला जाऊन पात्यांत शिरतो. चकचकीत पृष्ठभाग टाळा, खालच्या बाजूचे सेन्सर त्यावर गोंधळतात.

बॅग म्हणून कॅमेऱ्याची जुनी, आत कप्पे असलेली बॅग चालते. कडक खोकं फक्त सामान इतरांच्या हाती देऊन प्रवास करणाऱ्यांना. मात्र गिंबलचं कव्हर कधीही विसरू नका. ते हरवलं तर त्याच दिवशी नवं मागवा. उडवण्याआधी ते काढायलाही विसरू नका, नाहीतर चालू होताच गिंबलच्या मोटरी अडकून ताणल्या जातात.

सफाईला हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, मायक्रोफायबर कापड. दाबाच्या हवेचा कॅन नको. त्यातून थंड द्रव उडून लेन्सवर डाग पडतो आणि झोताने गिंबल झटकन वळतो. मोटरीत तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते.

उन्हात फोनचा पडदा दिसत नाही म्हणून सावलीची टोपी घेतली जाते. तिच्यात हवा कोंडून फोन तापतो आणि तापलेला फोन स्वतःच पडदा मंद करतो. सूर्याकडे पाठ करून उभं राहणं आणि फोनचं जाड कव्हर काढणं यानेच बरंच काम होतं.

यावर पैसे घालू नका

रिमोटच्या अँटेनावर लावायचे चकचकीत पत्रे. ते संदेश एका दिशेला ढकलतात, ड्रोन बाजूला गेला की उलट संपर्क तुटतो. संपर्क हवा तर अँटेनाची रुंद बाजू ड्रोनकडे ठेवा, टोक नव्हे.

पायांची उंची वाढवणारे स्टँड वजन वाढवतात, रुंद फ्रेममध्ये दिसतात आणि काही वेळा खालच्या सेन्सरना झाकतात. रंगीत स्टिकरही हवा खेळण्याच्या भोकांवर बसले तर ड्रोन तापतो. पात्यांचे संरक्षक कठडे बंद जागेत शिकण्यापुरते ठीक. बाहेर वाऱ्यात ते शिडासारखे काम करतात, बॅटरी भराभर संपते आणि वजनाचा २५० ग्रॅमचा हिशेबही बिघडतो.

वाचलेल्या पैशांत उत्पादकाची अपघात-बदल योजना बसते का पाहा. ती बहुधा ड्रोन सक्रिय केल्यापासून ठरावीक मुदतीतच घेता येते, म्हणून हा निर्णय फिल्टरांच्या आधी करा. बदलून देताना तुटलेला ड्रोन परत द्यावा लागतो की हरवलेल्यालाही ती लागू आहे, हे वाचून घ्या.

शेवटी फुकटचं काम: ड्रोनच्या अंगावर नोंदणी क्रमांक आणि फोन नंबरची छोटी चिठ्ठी चिकटवा, सेन्सर व भोकं सोडून. आणि दर वेळी कार्ड फॉरमॅट केलं की पहिला फोटो कागदावर लिहिलेल्या फोन नंबरचा घ्या. चिठ्ठी पावसात पुसते. फोटो कार्डात राहतो आणि सापडणारा माणूस आधी कार्डच उघडून पाहतो.